मांजराचा पाय मोडला तर
(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



मागच्या खेपेला आम्ही इथं आलो होतो, तेव्हा गुरांच्या खुरकुतीविषयी बोललो होतो. बोलणं संपलं. "कुणाला काही विचारायचं आहे का?" असं आम्ही म्हटलं. तेव्हा मागच्या ओळीतल्या एका आजींनी हात वर केला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मांजराचा पाय मोडला तर काय करावं?"

सगळा वर्ग हसला. आजी मान खाली घालून बसल्या.

आम्हांला मात्र हसू आलं नाही. का आलं नाही, ते आज सांगतो. आणि आजींच्या प्रश्नाचं उत्तरही आज सगळ्यांसमोर देतो. त्या दिवशी ते आम्ही एकट्या आजींनाच दिलं होतं.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या घरी एक मांजरी होती. तिचं नाव मनी. आमच्या घरात कणग्या होत्या, पोती होती. उंदरांना जणू आमंत्रणच होतं. पण मनी आल्यापासून पोत्याला भोक पडलं नाही. घरातली माणसं म्हणत, "मनी आपल्या घरची राखणदार."

एकदा वळवाचा पाऊस आला. वारा सुटला. मनी घरात शिरत होती, तेवढ्यात दार धाडकन् मिटलं. तिचा पुढचा पाय दारात सापडला. कोपराच्या खाली हाड मोडलं. पाय लोंबू लागला. मनी ओरडून कोठीत जाऊन लपली.

आम्हांला फार वाईट वाटलं. आम्ही तिला बाहेर काढलं. गावात माणसाचं हाड बसवताना आम्ही पाहिलं होतं. तसंच करायचं ठरवलं. पाय ओढून सरळ केला. बांबूच्या कामट्या लावल्या. जुन्या धोतराची पट्टी घेतली आणि घट्ट आवळून बांधली. सुटू नये म्हणून वरून सुतळीही गुंडाळली. काम झाल्यावर आम्हांला समाधान वाटलं. आपण मुक्या जिवाची सेवा केली, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मनी जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पंजा सुजला. आम्ही म्हटलं, "मार लागलाय, सूज येणारच." चौथ्या दिवशी पंजा गार लागला. पाचव्या दिवशी घाण वास येऊ लागला. मग आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे धावलो.

डॉक्टरांनी पट्टी कापली. आत पाय काळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, "हाड साधं मोडलं होतं. नीट बांधलं असतं तर जुळून आलं असतं. पण तुम्ही इतकं आवळलंत की रक्त खाली उतरलंच नाही. आता पाय ठेवता येणार नाही."

मनीचा पाय कापावा लागला. हाड मोडलं ते दारानं. पण पाय घालवला आम्ही. आणि तो मायेनं घालवला. ही गोष्ट आम्ही आजवर विसरलो नाही. म्हणून आजींनी विचारलं, तेव्हा आम्ही हसलो नाही.

वर्ग सुटल्यावर आम्ही आजींबरोबर त्यांच्या घरी गेलो. त्यांचा बोका चुलीच्या मागे अंग चोरून बसला होता. संध्याकाळी त्याला मोटारसायकलचा धक्का लागला होता. मागचा डावा पाय तो टेकत नव्हता. आजींच्या सुनेनं हळद-चुना कालवून ठेवला होता. कामट्याही तासून तयार होत्या. आम्ही वेळेवर पोहोचलो, एवढंच म्हणायचं.

आता त्या रात्री काय केलं, ते क्रमानं सांगतो. तुम्हांलाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट. पाय आधी पाहू नये. आधी जीव पाहावा.

गाडीचा धक्का लागला, उंचावरून पडलं, किंवा कुत्र्यानं धरलं, तर नुसता पायच मोडतो असं नाही. छातीला मार लागतो. पोटात मूत्राची पिशवी फुटते. पाय मोडला म्हणून मांजर लगेच मरत नाही. पण छातीच्या नाहीतर पोटाच्या मारानं मरतं. म्हणून पाहावं, की श्वास कसा चालला आहे. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकतं का? ओठ हळूच वर करून हिरड्या पाहाव्या. त्या गुलाबी असाव्या. पांढऱ्या फटक किंवा निळसर दिसल्या, तर धोका आहे. रक्त वाहतं का, ते पाहावं. मागचे दोन्ही पाय फरफटत ओढतं का, ते पाहावं. तसं असेल तर पाठीच्या कण्याला मार असू शकतो. मार लागल्यापासून लघवी केली का, तेही ध्यानात ठेवावं. यांतलं एक जरी चिन्ह दिसलं, तर सकाळची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट. मांजर घुरघुरतं म्हणून त्याला बरं वाटतंय, असं समजू नये. सुखात असलं म्हणजे मांजर घुरघुरतं, हे खरं. पण दुखणं असह्य झालं तरी ते घुरघुरतं. मांजर आपलं दुखणं लपवतं. कोपऱ्यात जाऊन गप्प बसतं. गप्प आहे म्हणजे दुखत नाही, असं नव्हे.

तिसरी गोष्ट. धरायचं कसं? दुखऱ्या मांजराला आपला-परका कळत नाही. ते चावतं, ओरबाडतं. म्हणून जाड टॉवेल किंवा पोतं त्याच्या अंगावर टाकावं. अंगाखाली दोन्ही हात घालून, सगळं एकदम उचलावं. पायाला धरून उचलू नये. मग खोक्यात ठेवावं. खोक्याला हवेसाठी भोकं पाडावीत. तळाशी चिंधी किंवा गोधडी घालावी. अंधारात मांजर शांत राहतं.

मांजर चावलं किंवा त्यानं बोचकारलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी. नंतर सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. पिसाळण्याचा रोग जसा कुत्र्याला होतो, तसा मांजरालाही होतो. त्यात हयगय नको. हळद-तिखट लावून बसू नये.

चौथी गोष्ट. पाय ओढू नये, चोळू नये, शेकू नये, बांधू नये. जखम उघडी असेल, तर अर्धा लिटर पाणी उकळून गार करावं. त्यात लहान चमचा सपाट भरून मीठ घालावं. त्या पाण्यानं जखम हळूच धुवावी आणि वर धुतलेलं स्वच्छ फडकं ठेवावं. हाड बाहेर आलं असेल, तर ते आत ढकलू नये. फिनाईल किंवा तसलं जंतुनाशक लावू नये. मांजर ते चाटतं आणि त्याला विषबाधा होते. चुन्यानं कातडी भाजते. आजींच्या सुनेला आम्ही हे सांगितलं. तिनं काही न बोलता वाटी बाजूला सारली.

पाचवी गोष्ट. ही सगळ्यांत महत्त्वाची आहे, म्हणून नीट ऐका. माणसाची वेदनेची गोळी मांजराला देऊ नये. तापावर आपण जी पॅरासिटामॉलची गोळी घेतो, ती मांजराला विष आहे. आपलं काळीज ज्या औषधाचं विष मोडून टाकतं, ते मांजराच्या काळजाला मोडता येत नाही. रक्त तपकिरी होतं. त्यातून अंगाला प्राणवायू पोहोचत नाही. तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीनं मोठं मांजर मरू शकतं. "अर्धी देऊ, पाव देऊ," असंही म्हणू नका. पावसुद्धा नको. दुखणं थांबवण्याचं मांजराचं औषध वेगळं असतं. ते वजन करून डॉक्टरच देतात.

इतकं करून आम्ही बोक्याला खोक्यात ठेवलं. त्याच्या हिरड्या गुलाबी होत्या. श्वास ठीक होता. म्हणून सकाळपर्यंत थांबलो. पहाटे त्याला खायला घातलं नाही. डॉक्टरांना भूल द्यावी लागली, तर पोट रिकामं असलेलं बरं. सकाळच्या पहिल्या एस. टी.नं आजी खोकं मांडीवर घेऊन तालुक्याला गेल्या.

आता तुम्ही विचाराल, मांजरासाठी दवाखाना असतो का? असतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना नुसता गाई-म्हशींसाठी नाही. कुत्र्या-मांजरांनाही तिथं पाहतात. मात्र एक्सरे काढायचं यंत्र प्रत्येक ठिकाणी नसतं. ते कुठं आहे, हे आधी विचारून घ्यावं. जिल्ह्याच्या गावी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. तिथं चौकशी करावी. १९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा फोन नंबर आहे. त्याला पैसे पडत नाहीत. जवळचा दवाखाना कोणता, ते तिथं विचारता येतं. तुमच्यातल्या पुष्कळांची मुलं मुंबईला आहेत. त्यांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असेल. त्याचं खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावावरून आहे. त्याच आवारात १८८६ साली जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज सुरू झालं. बैल आणि घोडे असं नाव असलं, तरी मांजरांवरही तिथं उपचार होतात.

डॉक्टर काय करतात, तेही थोडं समजून घेऊ. म्हणजे भीती जाईल.

आधी ते दुखणं थांबवतात. छाती तपासतात. मग एक्सरे काढतात. हाड कुठं मोडलं, कसं मोडलं, ते त्यात दिसतं. मग उपाय ठरतो.

गुडघ्याच्या खाली किंवा कोपराच्या खाली हाड साधं मोडलं असेल, तर पुष्कळदा प्लॅस्टर किंवा पट्टी चालते. पट्टीचा नियम असा, की मोडलेल्या जागेच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा, दोन्ही तिच्यात अडकले पाहिजेत. नाहीतर हाड हलतच राहतं.

मांडीचं हाड किंवा दंडाचं हाड मोडलं, तर पट्टीचा उपयोग होत नाही. कारण वरचा सांधा पट्टीत येतच नाही. उलट पट्टीचं ओझं मोडलेल्या हाडावर लोंबतं. तिथं भूल देऊन हाडात पोलादी सळई घालतात, किंवा पट्टी स्क्रूनं बसवतात.

खुब्याचं हाड मोडलं, तर पुष्कळ वेळा काहीच बांधत नाहीत. नुसतं स्वस्थ ठेवलं तरी ते जुळतं.

आणि पाय अगदीच चिरडला असेल, सडला असेल, तर तो काढून टाकतात. ऐकायला हे वाईट वाटतं. पण आमच्या मनीचं सांगतो. ती तीन पायांवर आणखी नऊ वर्षं जगली. पहिले आठ-पंधरा दिवस ती धडपडली. मग तोल सांभाळायला शिकली. तिला उंदरामागे पळता येत नसे. म्हणून ती बिळाशी तासन् तास दबा धरून बसे. उंदीर मिळतच असे.

बोक्याच्या नडगीचं हाड मोडलं होतं. तुकडे दोनच होते आणि कातडी फाटली नव्हती. डॉक्टरांनी भूल देऊन हाड सरळ केलं. आत कापूस, वरून प्लॅस्टर, असं बांधलं. खाली मधल्या दोन बोटांची टोकं मुद्दाम उघडी ठेवली. मग ते सूचना सांगू लागले. आजी म्हणाल्या, "साहेब, माझ्या ध्यानात राहायचं नाही. कागदावर लिहून द्या. पण मोठ्या अक्षरांत लिहा. मी आत्ताच वाचायला शिकतेय."

डॉक्टरांनी मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून दिल्या. त्या अशा:

दिवसातून दोनदा बोटे पाहणे.
प्लॅस्टर कोरडे ठेवणे.
कोंडून ठेवणे, उडी मारू न देणे.
दोन आठवड्यांनी आणून दाखवणे.

आजींनी तो कागद देवळीत ठेवला.

हाड जुळतं कसं, ते सांगतो. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं. मग तिथं कूर्चेसारखा मऊ गोळा तयार होतो. तो दोन्ही टोकांना धरतो. हळूहळू त्यात चुना भरतो आणि तो टणक होतो. हे सगळं शरीर आपलं आपण करतं. डॉक्टर हाड जोडत नाहीत. ते फक्त टोकाला टोक लावून देतात आणि हलू देत नाहीत. तुम्ही मातीची भिंत घालता. ओली असताना तिला कुणी टेकलं, तर काय होतं? तसंच आहे.

आंब्याचं कलमही तुम्ही बांधता. ते हलू नये म्हणून बांधता. पण फार आवळलं, किंवा वेळेवर सोडलं नाही, तर पट्टी सालीत रुतते. आमच्या मनीच्या पायात तीच रुतली होती.

पिल्लाचं हाड महिन्याभरात जुळतं. मोठ्या मांजराला ६ ते ८ आठवडे लागतात. म्हाताऱ्या मांजराला त्याहून जास्त लागतात. तेवढे दिवस त्याला कोंडून ठेवणं, हेच खरं औषध.

कोंडायचं कुठं? आजींकडे कोंबड्यांचं जुनं खुराडं होतं. ते धुऊन, उन्हात वाळवून घेतलं. मांजराला उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून निजता यावं, एवढी जागा पुरे. उडी मारता येईल एवढी नको. एका कोपऱ्यात चिंध्यांचं अंथरूण. दुसऱ्या कोपऱ्यात उथळ पाटीत वाळू. पाटीचा काठ बुटका असावा, म्हणजे पाय उचलावा लागत नाही. ओली वाळू रोज काढावी. पाण्याची वाटी जड असावी, म्हणजे लवंडत नाही.

खायला काय? नुसतं दूध-भाकरी पुरत नाही. मांजर हा मांस खाणारा जीव आहे. उकडलेलं अंडं, काटे काढलेली मासळी, उकडलेलं कोंबडीचं मांस द्यावं. त्यात तिखट, कांदा, लसूण नको. कांदा-लसणानं मांजराचं रक्त बिघडतं. पण नुसत्या मांसाच्या तुकड्यांवरही पिल्लू वाढवू नये. मांसात हाडाला लागणारा चुना फार थोडा असतो. अशा पिल्लाची हाडं मऊ राहतात आणि जरा पडलं की मोडतात. म्हणून काय काय आणि किती द्यायचं, ते डॉक्टरांना विचारावं. मांजराचं तयार खाणं परवडत असेल, तर ते द्यावं. कॅल्शियमच्या गोळ्या आपल्या मनानं देऊ नयेत. दूध पुष्कळ मोठ्या मांजरांना पचत नाही. पातळ जुलाब झाले, तर दूध बंद करावं.

आता बोक्याची पुढची गोष्ट ऐका.

आजी रोज सकाळ-संध्याकाळ बोक्याची बोटं पाहत. दोन्ही नखं शेजारी-शेजारी असत. बोटं कोमट लागत. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी संध्याकाळी आजींना वाटलं, नखं जरा फाकली आहेत. त्यांनी सुनेला दाखवलं. सून म्हणाली, "काही नाही, तुमचा भास आहे." आजींनी देवळीतला कागद काढला. पहिली ओळ बोट ठेवून वाचली. पुन्हा बोक्याची बोटं पाहिली. दुसऱ्या पायाशी ताडून पाहिली. बांधलेल्या पायाची बोटं फुगली होती आणि थोडी गार होती.

सकाळच्या गाडीनं आजी पुन्हा तालुक्याला गेल्या. डॉक्टरांनी प्लॅस्टर कापलं. आत एके ठिकाणी ते घट्ट बसलं होतं. कातडी लाल झाली होती. डॉक्टर म्हणाले, "आजी, आणखी दोन दिवस गेले असते, तर पाय गेला असता." त्यांनी नवीन प्लॅस्टर सैल हातानं घातलं.

मंडळी, चांगल्या डॉक्टरांनी बांधलेलंही असं कधी घट्ट होतं. सूज वाढते, मांजर हलतं, पट्टी सरकते. त्यात कुणाचा दोष नसतो. पण ते पाहणारं कुणीतरी घरात लागतं. आम्ही मनीची सूज पाहिली होती, पण तिचा अर्थ आम्हांला कळला नव्हता. आजींना तो कळला. तेवढ्यानं बोक्याचा पाय वाचला.

तेव्हा ही चिन्हं पाठ करा. बोटं सुजणं, नखं फाकणं, पंजा गार पडणं, घाण वास येणं, पट्टी ओली होणं, पट्टी खाली घसरणं, मांजरानं पट्टी सारखी चावणं, किंवा खाणं सोडणं. यांतलं एक दिसलं, की त्याच दिवशी डॉक्टर. स्वतः पट्टी सोडून पुन्हा बांधू नये.

यापुढचा काळ फसवा असतो. तिसऱ्या आठवड्यात मांजराला बरं वाटू लागतं. दुखणं कमी होतं. ते खुराड्यात फेऱ्या मारतं. रात्री ओरडतं. दार ओरबाडतं. घरातल्या माणसांना दया येते. ती म्हणतात, "बरं झालंय बिचारं, सोडू या." इथंच घात होतो. दुखणं थांबलं, तरी हाड अजून कच्चं असतं. मांजर कोठीवर उडी मारतं आणि जुळत आलेलं हाड पुन्हा मोडतं. दुसऱ्यांदा मोडलेलं हाड जुळायला जास्त अवघड.

आजींचा बोकाही ओरडू लागला. शेजारी तक्रार करू लागले. आजी रात्री खुराड्याशी कंदील घेऊन बसत आणि वर्गात झालेला धडा त्याला मोठ्यानं वाचून दाखवत. बोका आवाज ऐकून गप्प बसे. आजी आम्हांला म्हणाल्या, "गुरुजी, माझं वाचन सुधारलं ते बोक्यामुळं. घरात दुसरं कुणी ऐकत नाही."

सात आठवड्यांनी पुन्हा एक्सरे काढला. हाड जुळलं होतं. प्लॅस्टर निघालं. पाय बारीक झाला होता आणि ताठला होता. त्याला भिऊ नये. वापर नसला म्हणजे पाय असाच होतो. मग बोक्याला एका खोलीत दहा मिनिटं चालू दिलं. खोलीत पेटी नाही, पोतं नाही, चढायला काही नाही. पुढं रोज थोडा वेळ वाढवला. तीन आठवड्यांनी तो अंगणात गेला. थोडा लंगडत होता. आता तेही कमी झालं आहे.

आता पैशांचं बोलू. पट्टीचा खर्च पुष्कळांना झेपतो. सळई घालण्याचा खर्च सगळ्यांना झेपत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावं, "साहेब, आमची ऐपत एवढी आहे." मग ते त्यातला मार्ग सांगतात. कधी पाय काढणं हे सळईपेक्षा स्वस्त पडतं, आणि मांजर सुखानं जगतं. कधी मार इतका असतो, की वाचण्याची आशाच नसते. तेव्हा डॉक्टर सुई देऊन त्याला शांत मरण देतात. तळमळत ठेवण्यापेक्षा ते बरं.

पण एक गोष्ट करू नका. लंगडं मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येऊ नका. आपल्याकडं म्हणतात, की मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. म्हणून कुणी मारत नाही, सोडून देतात. मोडक्या पायाचं मांजर शिकार करू शकत नाही. ते उपाशी मरतं. ते मारण्यासारखंच झालं. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध १९६० साली कायदा झाला आहे. जनावर उपाशी-तहानेलं मरेल अशा तऱ्हेनं सोडून देणं, हा त्या कायद्यानं गुन्हा आहे.

मंडळी, आमचं बोलणं संपत आलं.

आजी आज पुढच्या ओळीत बसल्या आहेत. मघाशी येताना आम्ही त्यांच्या घरावरून आलो. बोका उंबऱ्यावर बसला होता. आम्हांला पाहून तो उठला आणि चारी पाय टेकत आत गेला. देवळीत तो कागद अजून आहे. आजींनी तो फेकलेला नाही. त्या म्हणाल्या, "असू दे. गावात दुसऱ्या कुणाला लागेल."

तेव्हा कुणाच्या मांजराला असं झालं, तर आजींकडे जा. कागद वाचून घ्या. आणि हात थांबवा. आधी खोकं, मग डॉक्टर, मग रोज दोन वेळा बोटं पाहणं.

आता आज कुणाला काही विचारायचं आहे का? खुशाल विचारा. या खेपेला कुणी हसणार नाही.